मिशांपासून सुरू होणारी जादू: मांजरांची अद्भुतकथा लिहिणाऱ्यास उत्तर

आपल्या कादंबरीची पहिली तीन प्रकरणे आणि सोबतचे पत्र मी सावकाश वाचले. पुण्याच्या एका पेठेतील कुलूप लागलेला जुना वाडा, त्यात वसलेले मांजरांचे राज्य, राजा मार्तंड, सेनापती भैरव आणि येणारे संकट सर्वांआधी ओळखणारी चांदणी नावाची तरुण मांजरी, असा आपला पट आहे. आपण लिहिता की ज्या मुलांना हे वाचायला दिले त्यांना गोष्ट आवडली, पण त्यांतल्या दोघीतिघींनी ‘ही मांजरे नसती, माणसे असती, तरी काय बिघडले असते?’ असे विचारले आणि आपण अडलात. म्हणून आपले प्रश्न असे आहेत: खऱ्या मांजराचे किती ठेवावे, त्यांनी बोलावे कसे, माणसांना कथेत स्थान द्यावे का, आणि जादू कोठून आणावी. मी गेली बावीस वर्षे मुलांच्या आणि किशोरांच्या कथा लिहितो व संपादित करतो, आणि जवळजवळ तितकाच काळ आमच्या गल्लीतील दहाबारा मांजरांची देखभाल करत आलो आहे. या दोन्ही कामांतून जे हाती आले त्याच्या आधाराने उत्तर देतो.

मुलांचा आक्षेप बरोबर आहे, आणि तो त्यांनी इतक्या नेमकेपणाने मांडला याचे मला कौतुक वाटते. मार्तंड सिंहासनावर बसतो, भैरव खलिते पाठवतो, सैन्य बुरुजावर पहारा देते. हे सारे आपण ऐतिहासिक कादंबऱ्यांतून उचलून त्याला शेपट्या लावल्या आहेत. अद्भुतकथेत काहीही चालते, हा समज मला नवोदितांच्या हस्तलिखितांत वारंवार दिसतो. माझा अनुभव उलट आहे. वाचक एक अशक्य गोष्ट आनंदाने मान्य करतो, पण ती ज्या जमिनीवर उभी आहे ती जमीन त्याला घट्ट लागते. मांजरांच्या कथेत ती जमीन म्हणजे मांजराचे शरीर, त्याच्या सवयी आणि त्याची नाती. जादू त्यांच्यातूनच उगवलेली असेल, मांजराला जे खरोखर जमते त्याच्या पुढचे एकच पाऊल असेल, तर ‘मांजरेच का?’ हा प्रश्न कोणाच्या मनातही येणार नाही. खाली जे काही सांगतो आहे ते सारे या एकाच गोष्टीकडे नेणारे आहे.

पहिला बदल मी राज्यव्यवस्थेत सुचवतो. एकत्र राहणाऱ्या मोकाट मांजरांच्या समूहाचा गाभा माद्यांचा असतो: आई, तिच्या बहिणी, मुली, भाच्या. त्या पुष्कळदा पिल्ले एका जागी ठेवतात, एकमेकींच्या पिल्लांना पाजतात, आणि एक शिकारीला गेली तर दुसरी पिल्लांपाशी राहते. बोके मोठे झाल्यावर बहुधा दूर जातात आणि अनेक समूहांच्या हद्दींवरून जाणारा मोठा फेरा धरतात. शिवाय एकाच वेतातील पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. आता हे सारे मराठीच्या प्रकाशात पाहावे. मांजराला आपण पिढ्यान्‌पिढ्या वाघाची मावशी म्हणत आलो आहोत, आणि तिने वाघाला सारे शिकवले पण झाडावर चढणे तेवढे शिकवले नाही, ही गोष्ट बहुतेक मुलांनी घरी ऐकलेली असते. म्हणजे भाषेने जे पद दिले आणि प्रत्यक्ष समूहात जे पद सर्वांत मोलाचे असते, ती दोन्ही एकच आहेत. मार्तंडाचे सिंहासन काढून टाकावे आणि वाड्याची सत्ता एका थोरल्या मावशीकडे द्यावी. तिचा अधिकार हुकमाचा नसेल, तर पाजण्याचा, शिकवण्याचा आणि एखादी गोष्ट न शिकवण्याचा असेल. वाघापासून राखून ठेवलेली ती एक विद्या कोणती, ती आता कोणाकडे आहे आणि ती चांदणीला मिळेल का, एवढ्या एका प्रश्नावर आपली कादंबरी उभी राहू शकते.

याच नात्यांमुळे त्यांच्या बोलण्यातील शब्दही बदलतील. ज्या जगात बाप ठाऊक नसतो तेथे काका, आत्या, आजोबा हे शब्दच असणार नाहीत. चांदणी खिडकीखालून एखाद्या मुलाची ‘बाबा’ अशी हाक ऐकते आणि त्या हाकेचा अर्थ तिला लागत नाही, हा छोटा प्रसंग मुलांना आपले जग आणि तिचे जग यांतील अंतर दाखवून देईल. ‘बोका’ सर्वांना माहीत आहे. ‘भाटी’ हा मादीसाठीचा जुना शब्द मात्र शहरात विसरला गेला आहे, आणि तो परत आणायला याहून चांगली जागा नाही. मराठीची आणखी एक सोय आपण अद्याप वापरलेली नाही. ‘मांजर’ आणि ‘पिल्लू’ हे शब्द नपुंसकलिंगी आहेत. वेतातील सारी पिल्ले आईच्या आणि एकमेकांच्या वासात माखलेली असतात.  आपल्या कथेतील मांजरांच्या समाजात असा नियम करता येईल की पिल्लाचा स्वतःचा गंध प्रकट होईपर्यंत कथा त्याला ‘ते’ म्हणेल, आणि ज्या वाक्यात ‘ते’चे ‘ती’ किंवा ‘तो’ होईल तेच त्याचे बारसे. कोणताही विधी न रंगवता, केवळ क्रियापदाच्या रूपाने, वाचकाला ते कळेल.

नावांविषयीही थोडे सांगतो. वस्तीतले मांजर एका घरी मनी असते, दुसऱ्या घरी माऊ, तिसऱ्या घरी सोनी, आणि प्रत्येक घराला ते आपले वाटते. मांजर आपली पिल्ले सात घरे फिरवते असे आपल्याकडे म्हणतात, आणि त्याला आधारही आहे, कारण जागा असुरक्षित वाटली की आई पिल्ले एकेक करून दुसरीकडे हलवते. मांजराला नऊ जन्म असतात ही कल्पना आपल्याकडे इंग्रजी पुस्तकांतून आली आहे. आपल्या हस्तलिखितात ती दोनदा येते, तेथून ती काढावी. सात घरे आणि सात नावे हे आपले आहे. जिला सातही घरांनी नाव दिले तिला काय प्राप्त होते, आणि सातवे घर बंद पडलेले असेल तर काय होते, याचा विचार करावा. आपला वाडा कुलूपबंद आहे, हे मी वाचताना सारखे मनात ठेवून होतो.

आता इंद्रियांकडे येतो, कारण आपल्या लेखनात सर्वांत मोठी उणीव येथे आहे. दुसऱ्या प्रकरणात चांदणी गच्चीवरून पर्वतीच्या दिशेने पाहते आणि तिला शत्रूचे लाल निशाण फडकताना दिसते. मांजराला लाल आणि हिरवा यांतील फरक फारसा कळत नाही. निळा आणि पिवळसर रंग त्याला अधिक स्पष्ट दिसतात. दूरचे बारकावेही त्याला आपल्यापेक्षा पुष्कळ अंधूक दिसतात, आणि नाकासमोर वीतभर अंतरावरची वस्तू तर धूसरच होते. तेथे मिशा पुढे येऊन डोळ्यांचे काम करतात. मिशांसारखेच जाड केस पुढच्या पायांच्या मागच्या बाजूलाही असतात आणि पकडलेल्या उंदराची हालचाल ते टिपतात. याउलट, माणसाला लागतो त्याच्या साधारण एक षष्ठांश उजेडात मांजर पाहू शकते, आणि हलणारी वस्तू त्याच्या नजरेतून सहसा सुटत नाही. त्याची श्रवणशक्ती तर विलक्षण असते. माणसाचे कान साधारण २० हजार हर्ट्झपाशी थांबतात. मांजराला सुमारे ८५ हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, म्हणजे भिंतीच्या पोकळीत उंदराची पिल्ले एकमेकांना देत असलेल्या, आपल्यासाठी अस्तित्वातच नसलेल्या हाका त्याला स्पष्ट ऐकू येतात. गोड चव मात्र त्याला लागत नाही, कारण ती ओळखणाऱ्या जिभेवरील ग्राहीचा (रिसेप्टरचा) एक जनुक मांजरकुळात निकामी झालेला आहे. आपल्या तिसऱ्या प्रकरणातील मेजवानीत पेढे आहेत. मांजर ते चाटेल, पण खव्याच्या स्निग्धतेसाठी, गोडीसाठी नव्हे.

ही माहिती परिच्छेदात कोंबावी असे मी म्हणत नाही. ती दृष्टिकोनात मुरली पाहिजे. गच्चीवरचा तो प्रसंग मी असा लिहून पाहिला:

‘वारा पर्वतीकडून आला तेव्हा चांदणी थांबली. कोपऱ्यावरच्या दगडाला ती गाल लावणार, तोच तिला कळले की तेथे आधीच कोणीतरी गाल लावून गेले आहे. वास कालचा नव्हता. दुपारच्या उन्हात वरून सुकलेला, पण आत अजून ओला. बोका. दोन दिवसांचा उपाशी. उजव्या पंजाला पू धरलेला. येथे उभा असताना तो घाबरला होता. आणि ज्याला तो घाबरला होता, त्याला वासच नव्हता.’

यात निशाण नाही, सैन्य नाही, पण धोका आहे, आणि तो केवळ मांजरालाच कळू शकेल असा आहे. माणसाला वास नसलेला शत्रू भयंकर वाटणार नाही. ज्या प्राण्याला जग प्रथम नाकाने कळते त्याच्यासाठी मात्र गंधहीन अस्तित्व हे खरेखुरे भूत आहे. कल्पना मांजराच्या शरीरातून उगवावी असे मी म्हणतो ते या अर्थाने. अनोळखी वास तपासताना मांजर तोंड किंचित उघडे ठेवून वरचा ओठ मागे ओढते आणि टाळूमागील एका वेगळ्या इंद्रियापर्यंत तो वास पोहोचवते, हे आपण पाहिले असेल. आपल्याला नसलेले ते इंद्रिय तिच्यापाशी असते. लेखकाला यापेक्षा मोठी देणगी निसर्ग काय देणार?

हद्दीच्या बाबतीतही असेच आहे. आपण वाड्याभोवती तटबंदी आणि चार दिशांचे चार पहारे दाखवले आहेत. मांजरांच्या हद्दी केवळ जागेच्या नसतात, त्या वेळेच्याही असतात. एकाच भिंतीवरून, एकाच कौलावरून अनेक मांजरे जातात, पण वेगवेगळ्या वेळी. वासाच्या ताजेपणावरून आधीचे कधी गेले हे नंतरच्याला कळते आणि समोरासमोरची गाठ टळते. आपल्याकडे दिवसरात्रीचे आठ प्रहर आहेतच. तीच गच्ची रात्रीच्या पहिल्या प्रहरी एका कुळाची आणि तिसऱ्या प्रहरी दुसऱ्या कुळाची असेल, तर ‘सीमा ओलांडणे’ म्हणजे उशिरापर्यंत थांबणे. चांदणीचा पहिला अपराध तोच असू द्यावा.

आणि मग पाऊस. या कादंबरीसाठी मला सुचलेल्या गोष्टींपैकी ही मला सर्वांत प्रिय आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो. जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर मृग लागतो, आणि पहिल्या मोठ्या पावसात भिंतींवर, दगडांवर, फाटकांवर आठ महिने साठलेले वास धुऊन जातात. ज्या जगाचा सारा इतिहास, सारे करार, सारे निरोप वासातच लिहिलेले आहेत त्या जगात दरवर्षी एका रात्रीत सर्व पुसले जाते. कोणाची जागा कोणती, कोणाचा कोणाशी तह झाला होता, कोण मेले आणि कोठे, सारे. वळचणीखाली, कोनाड्यांत, शिडीच्या मागे, माळ्यावरच्या कोरड्या तुळयांवर जे वास उरतात तीच त्यांची बखर. पावसाळा जवळ आला की थोरल्या मावशीला काय राखायचे आणि काय वाहून जाऊ द्यायचे हे ठरवावे लागते. मराठी मुलाला हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही. मृगाच्या पावसाने अंगण धुतल्यावर येणारा वास त्याच्या ओळखीचा आहे. तो वास म्हणजे एखाद्या जगाचा शेवट, एवढेच त्याला नवीन असेल.

काळाचे मापही तपासून घ्यावे. मांजरीची गर्भावस्था सुमारे नऊ आठवड्यांची असते आणि ती पाचसहा महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते. आपल्या कथेत ‘शंभर वर्षांपूर्वी झालेले महायुद्ध’ ताज्या आठवणीसारखे येते. मांजरांच्या पन्नासहून अधिक पिढ्या तेवढ्यात होतात. आपल्या हिशेबात ते सातवाहनांइतके मागे गेले. ज्या मावशीने तीन पावसाळे पाहिले ती अनुभवी, आणि जिने दहा पाहिले तिच्याविषयी दंतकथा असतील.

जादूच्या उगमाविषयी आपण विचारले आहे की मंत्र असावेत की रत्ने. दोन्ही नकोत. आपल्या परंपरेत मांजराभोवती जे आधीच आहे ते फार समृद्ध आहे आणि फारसे वापरले गेलेले नाही. दक्षिणेतील श्रीवैष्णव परंपरेत शरणागतीविषयी दोन मते झाली आणि त्यांना दोन प्राण्यांची नावे मिळाली. माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून राहते, तसे भक्ताने प्रयत्न करावेत हा मर्कटन्याय; मांजराचे पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला मानेला धरून उचलून नेते, तशी कृपा भक्ताला नेते हा मार्जारन्याय. वडकलै पंथ पहिल्याकडे झुकला, तेंकलै दुसऱ्याकडे. मानेची कातडी तोंडात धरताच पिल्लू पाय पोटाशी घेते आणि निश्चल होते, हे आपण कोणत्याही वेतात पाहू शकता. यावरून जादूचा असा नियम करता येईल: ती तेव्हाच उचलते जेव्हा उचलले जाणारे पूर्ण सैल सोडते. धडपड केली की ती तुटते. चांदणी लढवय्यी आहे, तिला सैल होणे जमत नाही, आणि म्हणूनच ही शक्ती तिच्यासाठी सर्वांत महाग आहे. जादूला किंमत असावी असे सगळेच सांगतात, पण ती किंमत पात्राच्या स्वभावातून वसूल झाली तरच कथेला उपयोगी पडते.

दुसरा उगम सटवाईचा. पाचवी पुजण्याच्या रात्री बाळंतिणीच्या खोलीत कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, कारण सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहिते अशी श्रद्धा आहे. सटवाई म्हणजे मुलांचे रक्षण करणाऱ्या षष्ठी देवीचेच लोकरूप, आणि बंगालमध्ये षष्ठीचे वाहन मांजर आहे. तिच्या व्रतकथेत एक सून घरातले चोरून खाते आणि आळ मांजरावर घालते. मग मांजर तिची मुले एकेक करून षष्ठीकडे नेते, आणि सून चूक कबूल करते तेव्हाच ती परत मिळतात. ही कथा मराठी मुलांना फारशी ठाऊक नाही. आपल्या वाड्यात ती वेगळ्या अंगाने आणता येईल, कारण मांजराच्या पिल्लांचे डोळे साधारण सात ते दहा दिवसांनी उघडू लागतात. म्हणजे नशीब लिहिले जाते त्या रात्री ती आंधळीच असतात. आपले भविष्य लिहिणारी कोणी आहे हे प्रत्येक मांजराला ठाऊक आहे, पण तिला पाहिलेले एकही मांजर नाही. चांदणीचे डोळे काही रात्री आधी उघडले असते तर?

निवडलेल्या वीराची कल्पना मला मुळात फारशी आवडत नाही, कारण तिच्यामुळे बाकीची पात्रे प्रेक्षक होतात. पण आपल्याला ती ठेवायचीच असेल तर तिलाही शरीराचा आधार द्यावा. मांजराच्या अंगावरील केशरी रंगाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते, आणि ते गुणसूत्र मादीत दोन, तर नरात बहुधा एकच असते. त्यामुळे काळा आणि केशरी असे दोन्ही रंग एकाच अंगावर असलेली मांजरे जवळजवळ सगळी माद्याच असतात. हजारोंमध्ये एखादा नर तसा निघतो, तो बहुधा दोन एक्स आणि एक वाय गुणसूत्रे घेऊन आलेला असतो, आणि बहुतेक वेळा त्याला पिल्ले होत नाहीत. ज्याच्याकडे सारे आशेने पाहतात आणि ज्याचा वंश पुढे चालणार नाही, असा बोका भविष्यवाणीच्या केंद्रस्थानी ठेवावा. त्यातली करुणा मुले आपोआप ओळखतात.

माणसांविषयी: त्यांना ठेवावे, पण हवामानासारखे. पाय, सावल्या, भांड्यांचे आवाज, दार उघडल्यावर येणारी भाताची वाफ, अचानक फेकलेले पाणी. त्यांचे हेतू मांजरांना कळू नयेत. येथे एक सुंदर वस्तुस्थिती हाताशी आहे. प्रौढ मांजरे एकमेकांना उद्देशून क्वचितच ‘म्याव’ करतात. तो आवाज पिल्लू आईसाठी काढते, आणि मोठे झाल्यावर मांजर तो माणसासाठी राखून ठेवते. म्हणजे माणसांशी बोलायची भाषा ही त्यांची बालभाषा आहे. अभिमानी भैरवाला, अन्नाची भ्रांत पडल्यावर, एखाद्या दारापाशी उभे राहून ती भाषा बोलावी लागते, हा प्रसंग मला आपल्या साऱ्या लढायांपेक्षा मोठा वाटतो. एकमेकांशी ती बोलतात ती शेपटीने, कानांनी, गाल घासून, डोळे सावकाश मिटून उघडून. कथेत अर्थात आपण संवाद मराठीत लिहिणार, आणि लिहावेच. फक्त प्रत्येक महत्त्वाच्या वाक्याला शरीराची जोड असावी, आणि कधीतरी शब्द एक सांगत असताना शेपटीने दुसरे सांगावे. उभी शेपटी म्हणजे स्नेहाचे अभिवादन, हे एकदा रुजवले की पुढे नुसत्या ‘शेपटी उभी राहिली नाही’ या वाक्यावर वाचक अस्वस्थ होईल. बोलींविषयी एकच विनंती आहे. कोळीवाड्यातील मांजरांना कोळी बोली किंवा सावंतवाडीच्या मांजरांना मालवणी द्यायची असेल तर ती बोली घरी बोलणाऱ्या कोणाकडून तपासून घ्यावी, आणि ती केवळ विनोदी पात्राला किंवा खलपात्राला देऊ नये.

शत्रूंविषयी मी थोडा आग्रही आहे. आपल्या कथेत उंदीर, घुशी आणि कुत्रे हे जन्मतःच दुष्ट आहेत. आपल्या प्राचीन वाङ्मयात ही वागणूक मांजराच्याच वाट्याला आली होती. पंचतंत्रातला दधिकर्ण तपस्व्याचे सोंग आणून न्याय मागायला आलेल्या पक्ष्याला आणि सशाला खातो. तमिळनाडूतील मामल्लपुरमच्या सातव्या शतकातील भव्य शिल्पपटात एक मांजर हात उंचावून तप करते आणि उंदीर त्याच्याभोवती जमतात. त्या गोष्टी मांजराच्या भक्ष्याच्या बाजूने सांगितलेल्या आहेत, आणि आपण मांजराच्या बाजूने लिहिताना तोच अन्याय उलट दिशेने करू नये. महाभारताच्या शांतिपर्वातील लोमश मांजर आणि पलित उंदीर यांची कथा जरूर वाचावी. लोमश पारध्याच्या जाळ्यात सापडला आहे, पलितावर मुंगूस आणि घुबड टपले आहेत. उंदीर मांजराच्या कुशीत शिरून जीव वाचवतो आणि बदल्यात दोर कुरतडतो, पण शेवटचा दोर पारधी समोर दिसेपर्यंत राखून ठेवतो, म्हणजे सुटलेल्या मांजराला पळण्यावाचून दुसरे काही सुचू नये. नंतर लोमश मैत्रीचा आग्रह धरतो तेव्हा पलित नकार देतो. दोघेही खरे बोलतात आणि दोघांचेही बरोबर असते. मी संघर्ष म्हणतो तो असा.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ आपण वाचली असेलच. नसेल तर आधी ती वाचावी. वानरांच्या टोळीतील सत्तापालट त्यांनी एकाही वानराला माणूस न करता लिहिला, आणि १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या पुस्तकाला मिळाला. त्यात जादू नाही, पण पाहणे कसे असावे ते त्यात आहे. नीलांजना रॉय यांची २०१२ ची ‘द वाइल्डिंग्ज’ ही इंग्रजी कादंबरी दिल्लीच्या निजामुद्दीन भागातील मांजरांची आहे, आणि त्या मांजरांचा परस्परसंपर्क मिशांच्या द्वारे होतो. आपल्या कल्पनेच्या ती इतकी जवळ आहे की ती वाचूनच आपली वाट वेगळी करावी लागेल. एरिन हंटर या सामायिक नावाने २००३ पासून निघालेली ‘वॉरियर्स’ मालिका आपल्या शहरी वाचकांपैकी काहींनी नक्की वाचलेली असेल. तिच्यातल्यासारखी जंगलातली कुळे आणि दोन शब्द जोडून केलेली नावे आपण टाळावीत.

जंगल हवेच असेल तर ते इथले असावे. वाघाटी ही जगातील सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. प्रौढ वाघाटीचे वजन साधारण एक ते दीड किलो, म्हणजे घरच्या बोक्याहून कितीतरी कमी. ऊसतोडीच्या वेळी पश्चिम महाराष्ट्रातील फडांत तिची पिल्ले सापडतात. चांदणी शहराबाहेर जाते ती एखाद्या प्रचंड रानटी पूर्वजाला शोधत, आणि तिला भेटते ती तिच्या निम्म्या आकाराची, पण कोणाच्याही दारात कधीही न गेलेली वाघाटी. उदमांजरालाही जागा द्यावी. ते नावाने मांजर आहे पण मांजरकुळातले नाही, आणि रात्री वाड्याच्या माळ्यावर त्याचा वावर मांजरांइतकाच असतो. नाव एक आणि रक्त दुसरे असणारा तो शेजारी आपल्या मावशीच्या दरबारात कोठे बसेल, हे आपण ठरवावे.

आता पुढचे काम. पहिले प्रकरण बाजूला ठेवून, दोन आठवडे रोज एक तास एकाच ठिकाणी बसून एकाच मांजराकडे पाहावे आणि त्याने काय केले एवढेच लिहावे, त्याला काय वाटले असेल ते लिहू नये. त्यानंतर कादंबरी मृगाच्या आदल्या रात्रीपासून सुरू करावी: वाड्यात उकाडा आहे, वीज अजून दूर आहे, थोरली मावशी वळचणीखाली शेवटचा वास राखून ठेवते आहे, आणि आपला प्रहर संपल्यावरही चांदणी गच्चीवरून खाली उतरलेली नाही. राजा, निशाण आणि पेढे यांतले काहीही त्या प्रकरणात नसेल. ते लिहून झाले की मला पाठवावे. मी वाट पाहतो.